करंगळीची अक्षरं

नाही ताई, पुन्हा सांगतो, टाइपरायटरला काही झालेलं नाही. तुमच्यासमोर ओळ मारली — आहे का कुठे फिकी? रिबीन नवी, रोलर ठीक, दांड्या सरळ. तुमच्या आईंनी मारलं की फिकं येतं म्हणता, मी मारलं की काळं येतं, मग? हो, स्क्रू आहे, हा बघा, पोटाखाली — फिरवला की कळ हलकी होते, जेमतेम बोट लावलं तरी ठोका बसतो. पण ते बेतानं करायचं असतं. ठोका जास्त झाला की पूर्णविराम कागदाला भोक पाडतो, टिंबच ते, सगळा जोर तिथेच — आणि कमी झाला की ‘क्ष’ अर्धाच उमटतो. चाळीस वर्षं हेच करतोय मी. कागद पालथा करून मागून हात फिरवला की कुणाच्या बोटात किती जोर ते सांगतो, माणूस न बघता. म्हणजे, सांगायचो.

मुलीला लग्नात मी यंत्रच दिलं होतं. दर पंधरवड्याला तिचं पत्र यायचं, टाइप केलेलं. तिची डावी करंगळी लहानपणापासून आळशी, त्या बोटाची अक्षरं नेहमी फिकी — मी चिडवायचो, तुझी करंगळी फुकटचं खाते म्हणून. मग एका वर्षी सगळीच अक्षरं फिकी यायला लागली. दुसरा कुणी बाप असता तर काय केलं असतं त्यानं? गाडी पकडून गेला असता. मी काय केलं — रिबीन पाठवली. तरी फिकंच. मग चार पानं लिहिली, स्क्रू कुठे, कुठल्या बाजूला, किती फेरे, चित्र काढून. तब्येत कशी आहे, एवढं एक वाक्य नाही त्यात. ती तरी कुठे काही बोलली होती? — बोलली होती. हात लवकर दमतो बाबा, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, दमणारच, कळ जड आहे ना.

महिन्यानं पत्र आलं. काळंभोर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखं. दुकानात येईल त्याला दाखवत सुटलो, बघा, न जाता यंत्र दुरुस्त केलं. एकसारखं, ताई — करंगळीसुद्धा. मी तो कागद पालथा करून हात फिरवला होता, आणि मला कळलं नाही. जावई मारत होता ते. ती पडल्या पडल्या सांगायची, तो मारायचा, बाबांना काळजी नको म्हणून. आठ दिवसांनी तार आली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. यंत्र तिच्या उशाशी होतं, आणि स्क्रू मी लिहिला होता तेवढाच फिरवलेला, अगदी बरोबर.

काय म्हणालात? वय झालंय त्यांचं? असेल, तेवढंच असेल. स्क्रू फिरवणं दोन मिनिटांचं काम आहे, देईन मी फिरवून, पण आज नाही. आज फिरवला की अक्षर काळं येईल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. यंत्र राहू दे इथे. तुम्ही घरी जा, आईंचा हात हातात घ्या आणि म्हणा, दाब बघू, जोरात दाब — जा ना ताई, माझ्याकडे काय बघत बसलात.