ज्याचा गळा, त्याचा हात

२६ नोव्हेंबर १९९३, शुक्रवार. सकाळी थोडी थंडी, नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही. बमरोली, सुरत.

– नाही नाही, लक्ष्मणभाऊ, पिशवी आधी खाली ठेवा. सख्ख्या बहिणीचं घर आहे, दारात उभं राहायचं म्हणजे काय? बसा. चहा घ्या. आणि मग मला एवढंच सांगा – तुम्हाला बोलावलं कोणी? मी तर कळवलं नव्हतं. तुमच्या कलाबाईनं? तिला फोनचे आकडे धड दिसत नाहीत. म्हणजे शोभाबाई. समोरची. काय म्हणाली, मगन बायकोचा गळा दाबतो – हेच ना? बघा, बरोबर ओळखलं की नाही! ती बाई दिवसभर कठड्याला टेकून उभी, हातात सूप, नजर आमच्या दारात. तांदूळ निवडते की माणसं निवडते, देव जाणे.

अहो, गळा ती स्वतः दाबते. स्वतःच्या हातानं. डॉक्टरनं सांगितलंय तसं. हसू नका – बरं, हसला नाहीत, पण चेहरा तसा झाला. माझाही झाला होता. कुठला डॉक्टर बाईमाणसाला सांगेल, जा, घरी जाऊन गळा दाब? पण मुळापासून ऐका. पाऊस संपता संपता तिचा डावा डोळा लाल झाला. सगळे म्हणाले, डोळे आले. नळावरच्या बायकांनी तिची बादली वेगळी ठेवायला लावली, मेडिकलवाल्यानं थेंब दिले, शोभाबाईनं गुलाबपाणी दिलं – दिलं म्हणजे बाटली परत मागितली. पण डोळे आलेले आठ-दहा दिवसांत जातात की नाही? हे जाईना. आणि चिकटपणा नाही, पाणी नाही, नुसता लाल. मी पांडेसऱ्याला कापडमिलच्या रंगखात्यात आहे, दिवसभर लालच बघतो. पांढऱ्या बुबुळात – बुबुळ नव्हे हो, पांढऱ्या भागात – जाड जाड शिरा, नागमोडी, गांडुळासारख्या. मग तो डोळा हळूहळू पुढं यायला लागला. लगेच शोभाबाई म्हणाली, नवऱ्यानं बुक्की मारली असेल. बघा, तेव्हापासूनच चालू आहे तिचं.

आता पुढचं मी तुम्हाला सांगणार नव्हतो. भाऊ आहात तिचे. पण शोभाबाईचं ऐकलंत, तर माझंही ऐका. गल्लीच्या तोंडाला रामदासची पिठाची गिरणी आहे. मी पाळी सुटून येत होतो, तर ही वजनकाट्यासमोर उभी, आणि रामदासकडे बघून डोळा मारते. मारते म्हणजे – एक डोळा मिटलेला, एक उघडा, आणि मान जराशी वळवलेली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला. मग समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला! कॅलेंडरला कोण डोळा मारतं, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. आला नाही. माणसाच्या मनात एकदा रामदास शिरला की कॅलेंडरमध्येसुद्धा रामदासच दिसतो. विचारलं तर म्हणते, "माले दोन दोन दिखतस." म्हटलं, वा! मी बोट धरलं समोर – किती? दोन. एक डोळा झाक – आता किती? एक. पुन्हा उघड – दोन. मी उलटसुलट करून बघितलं, खोटं पकडायला. पकडता आलं नाही. एक डोळा मिटला की काट्याची सुई एकच दिसते, म्हणून मिटते, असं तिचं म्हणणं. असेल. डॉक्टरही तेच म्हणाले. पण रामदासनं त्या दिवशी पीठ जास्त का दिलं, ते डॉक्टरनं सांगितलं नाही.

ह्या डॉक्टरकडे मीच नेलं, हे शोभाबाईनं सांगितलं का? नाही सांगणार. तिथं डॉक्टरनं काय केलं – कानाची नळी घेतली. छातीची नळी हो, आपल्याला ठाऊक आहे ती. आणि ठेवली कुठं, तर तिच्या मिटलेल्या पापणीवर! मी उठलोच. म्हटलं, साहेब, हे काय? ते म्हणाले, बसा, तुम्हीही ऐका. मी कानाला लावली. लक्ष्मणभाऊ, आत वाफ सुटत होती. आमच्या मिलमध्ये पाइपचा वाल्व गळायला लागला की जशी फुस-फुस येते ना – तशी, नाडीच्या ठोक्याबरोबर. बाईच्या डोळ्यात! ही कधीची म्हणत होती, डोक्यात आवाज येतो, आणि मी म्हणत होतो, खाली कापडाचे लूम चालतात, सगळ्यांच्याच डोक्यात येतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागं एक बारीक धमनी शिरेत उघडलीय, जोराचं रक्त नको तिकडं घुसतं, परत यायला वाट नाही, म्हणून डोळा लाल, डोळा पुढं, आत दाब. असाच वाढत गेला तर नजर जाते. मुंबईला नसांचा फोटो काढला, तिथंही तेच निघालं. सुदैवानं धार बारीक आहे. तार घालून बंद करायचं मोठं काम करण्याआधी हे दाबून बघायचं – मानेतली डाव्या बाजूची नाडी थोडा वेळ दाबायची, सोडायची, तासाभरानं पुन्हा. रक्ताचा जोर कमी झाला की ते छिद्र आपोआप गोठून मिटतं. सगळ्यांचं नाही मिटत. काहींचं मिटतं.

आणि दाबायचं उजव्याच हातानं. का? विचारा ना! डावी नाडी बंद झाल्यावर मेंदूला रक्त कमी पडलं, तर पहिला लुळा पडतो तो उजवा हात. हात गळून पडला की नाडी मोकळी. स्वतःचं कुलूप स्वतःच उघडतं. म्हणून डॉक्टरनं बजावलं, ज्याचा गळा त्याचा हात. दुसऱ्या कुणी दाबायचं नाही, कितीही प्रेमाचा असला तरी. त्याचा हात कशाला गळून पडेल?

कुठं बघताय? आतल्या दारात डोकावून गेली, तिच्या मानेकडे? ते निळसर आहे ते दाबून दाबून झालंय, मी सांगितलं ना. डावीकडं. – उजवीकडं? उजवीकडं काही नाही. असेल, अंगठा लागत असेल. तिचा अंगठा तिकडं कसा पोचेल – अहो पोचतो, झोपेत वगैरे. तुम्ही पोलीस आहात की शालक? बरं. एकदा. एकदाच मी हात लावला. ही उंबऱ्यात बसून दाबत होती, उजेड लागतो म्हणे, आणि उंबऱ्यातून गिरणी दिसते. म्हटलं आत बस. म्हणाली, आत घुसमटतं. म्हटलं नीट दाबत नाहीस, लक्ष दुसरीकडं आहे तुझं, आण, मी दाखवतो. दाखवायलाच! शोभाबाईनं तेवढंच बघितलं. त्यानंतर मी पाळीला जाताना बाहेरून कडी लावतो, तर त्यात काय? तिच्याच भल्यासाठी. चक्कर येऊन जिन्यावरून पडली तर?

आणि आता न्यायचं म्हणता. औषधपाणी अर्धवट टाकून? सोमवारी डोळ्याचा दाब बघायचाय. अमळनेरला कोण बघणार तिच्याकडं? तिला कोण सांगणार, आता दाब, आता सोड? – तिला तिचं कळतं, म्हणता. कला! ए कला! बाहेर ये, सांग भावाला. सांग, मी कधी – हे काय, लुगडी कुणी बांधली? कधी बांधली? आणि डोळा मिटून काय बघतेस माझ्याकडं? उघड दोन्ही. उघड म्हणतो ना. दोन दिसतो? मग दोघांनाही सांग तोंडावर.

गाठोडं उचललंस? बरं. उचल. चहा तसाच राहिला तुमचा. जा. जा, लक्ष्मणभाऊ. दार ओढून घ्या.

*

कलाबाई दुपारच्या पॅसेंजरनं भावाबरोबर अमळनेरला गेली. १४ फेब्रुवारीला धुळ्याच्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या पापणीवर नळी ठेवली. आवाज नव्हता. डोळ्यातला दाब सोळा, म्हणजे हवा तेवढाच. समोर धरलेलं बोट एक दिसलं. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित पुढं राहिला. ती अमळनेरलाच राहते.