पाणी काढायची सुई

मला श्वासच घेता येईना, ताई, आडवं झालं की नाकातोंडात पानी शिरल्यागत व्हायचं, म्हनून वाशीच्या दवाखान्यात खाटंवर बसून, दोन्ही हातांनी दांडी धरून मी नुसती धापा टाकत व्हते, सिस्टर सुई भरून उभी, आन माझ्या सासूनं तिचा हात धरलेला. सासू म्हनली, अंगातलं पानी काढती म्हंता ही सुई, मग तान्ह्या पोरीला दूध कुठनं यील, तेबी पान्याचंच असतंय की. सिस्टर म्हनली, सोडा हात, हिच्या फुफ्फुसात पानी भरलंय, ही मेल्यावर काय तुमी पाजनार का?

आमी मूळचे साताऱ्याकडचे. सातवीत शाळा सुटली, लगीन झालं, मालक तुर्भ्याच्या मार्केटात गोनी उचलत्यात, ऱ्हायला कोपरखैरण्यात एक खोली. पोरगी झाली तवा सासू गावावरनं आली, आन आल्यापास्नं अळिवाची खीर, पेज, डिंकाचे लाडू, खा म्हनायची, दूध सुटंल. माझं पाय सुजलं तर शेजारनीला बोलावून दाखवायची, बघा, बाळंतीन कशी भरली, माझ्या हातचं खाल्लंय. बोट दाबलं की खड्डा पडायचा पायाला. आन मीबी खूश, काय सांगू तुमाला, जन्मात कुनी माझं येवढं केलं नव्हतं. खोकला लागला, बसूनच झोपायला लागले, तर म्हनली वारा लागलाय, कान बांध.

डॉक्टर म्हनले, बाळंतपनात काळीज कमजोर झालंय, पानी साचलंय, सुई द्यावीच लागंल, दूध कदाचित आटंल, वरचं पाजा. सासू म्हनली, माझ्या नातीला डब्याचं चालनार न्हाई. मी मालकाकडं बघितलं. मालक म्हनले, आई म्हनती तसं कर, जरा कळ काढ. कळ काढ म्हनले, ताई. मी सिस्टरपुढं हात केला. मुद्दाम केला.

सुई गेली आन लघवी जी सुटली ती सुटलीच, नळी लावलेली, पिशवी भरायची, वतायची, परत भरायची, आन सासू सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हनायची, ते बघा, माझ्या नातीचं दूध चाललं गटारात. बाया हसायच्या. मी ऐकत व्हते आन श्वास मातूर हळूहळू छातीत उतरत व्हता, येवढा ग्वाड लागला की मला माझीच लाज वाटली.

दूध खरंच आटलं. घरी आले तर खोलीत पाळना न्हाई. सासू पोरीला गावी घिऊन गेलेली, तिकडं माझी जाऊ वलीच बाळंतीन, तिच्या अंगावर लावली. मालक म्हनले, बरं झालं, तिकडं दूध तरी हाय.

आता पोरगी चालती, अजून गावीच हाय. जावंला आई म्हनती, मला काकी. तसं शिकवलंय. मी जवळ घ्याया गेले की जावंच्या पदरात तोंड खुपसती. सासू म्हनती, जिनं आधी सोताचा जीव बघितला ती कसली आई. डॉक्टरनं दुसरं मूल नको म्हनून बजावलंय, म्हंजे मला हीच येक. जावंचं मातूर भलं हुदे, पोरीला ती कमी करत न्हाई.

तुमीबी लेकुरवाळ्या हाय, ताई, तुमीच सांगा. श्वास संपत आला असता, सुई समोर असती, आन बाजूला तुमची तान्ही रडत असती, तुमी काय केलं असतं?