थेंब पिंडीवर पडेना

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. घरात एकालाच गरगरतं, बाकीचे ताठ उभे — तर बिघाड कुणात? हसू नका! मलाच अजून नीट उमगलेलं नाही, म्हणून तर तुम्हाला विचारतोय.

वेणूताई सबनीस. वय सत्तरीपुढचं. मुलगा हेमंत, सून शलाका, आणि घर अडतिसाव्या मजल्यावर! देवळाच्या कळसापेक्षा उंच राहणारी बाई — आणि पोटात मळमळ! वारा सुटला की, "अरे हेमंत, घर हलतंय रे!" खाली बागेत नेली की ठणठणीत. वर आणली की भिंत धरून चालायची. डॉक्टरांनी कान तपासले, मान तपासली — सगळं ठीक. मग? हेमंतने ठरवलं, आईचं डोकं ठिकाणावर नाही, एकटी असताना गॅस उघडा ठेवेल. वृद्धाश्रमात जागा बघितली. बॅग भरली. अहो, वेणूताईंनाही वाटू लागलं — खरंच, मला वेड तर लागत नाहीये ना?

निघायचा दिवस नेमका श्रावणी सोमवार! म्हातारी म्हणाली, "जाते बाबा. पण अभिषेक तेवढा होऊ दे." छताच्या कडीला साखळीने अभिषेकपात्र टांगलं, खाली ताम्हनात पिंडी. बाहेर वारा घोंगावतोय, खिडक्या गच्च बंद. आणि थेंब? कधी पिंडीच्या अलीकडे, कधी पलीकडे!

"आई, वाकडं टांगलंस."

"मग तू टांग!"

त्याने टांगलं. थेंब ताम्हनात! शलाकाने पंखा बंद केला. पुन्हा ताम्हनात! पात्र आपलं सावकाश झुलतंय — इकडे... तिकडे...

हेमंतने झुलतं पात्र हाताने धरलं. "आई, मलाही होतं गं. वारा असला की डोकं जड. मला वाटायचं, ऑफिसचा ताण."

शलाका म्हणाली, "आणि मला वाटायचं, पित्त!"

घ्या! तिघंही गरगरत होती, बोलली एकटी म्हातारी!

शेजारचे इंजिनिअर कुलथे म्हणाले, "अहो, उंच इमारत वाऱ्यात थोडी हलायचीच, ती तशीच बांधतात. धोका नाही. कुणाला जाणवतं, कुणाला नाही." म्हणजे इमारत बरोबर, म्हातारीही बरोबर! मग चुकलं कोण? मी तर पार गोंधळलो बुवा!

वेणूताई मात्र गोंधळल्या नाहीत. बॅगेतली लुगडी काढता काढता एवढंच म्हणाल्या, "तुलाही होत होतं, तर माझीच बॅग का रे भरलीस?"

हेमंत उरलेली बॅग स्वतः रिकामी करू लागला. पण याचं उत्तर तुम्हाला सुचतंय? मान खाली घालू नका! आज घरी कुणी म्हणेल, "मला कसंसंच होतंय." त्याचे कान तपासायच्या आधी आपल्याला काय होतंय, ते सांगा. देवाचं नाव घेऊच हो आपण — पण आधी घरात खरं बोला!