दहा लिटरला किती?

महिपती : ते सोळा-बिळा मला सांगू नको, ऋतुजा. दहा लिटरला किती पडतंय ते सांग.

ऋतुजा : अहो अण्णा, लिटरला सोळा किलोमीटर म्हणजे दहा लिटरला एकशे साठ. काल पुण्याहून सोलापूरपर्यंत मी स्वतः चालवत आणली. स्क्रीनवर आकडा आहे, बघा की.

महिपती : स्क्रीन कंपनीची. ती कंपनीचंच गानं गानार.

हुसेनसाब : बेटी, तू नक्को वाद घालू. तुझ्या बापानं बत्तीस वर्षं यष्टी चालवली, मी त्याच डेपोत मेकॅनिक. तिथं ड्रायव्हरची लायकी दहा लिटरवरच मोजायचे. दर महिन्याला फळ्यावर आकडे लागायचे. सगळ्यात वर नाव कुणाचं? महिपतीचं. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी त्याची सवय गेली नाही.

महिपती : तू फळ्याचं कवतिक नंतर कर. च्या सांगितलास का न्हाय ते सांग.

हुसेनसाब : कधीच सांगितला. माझ्या गॅरेजवर येऊन कुणी बिनचहाचं गेलंय का आजवर?

ऋतुजा : चाचा, तुम्हीच निवाडा करा. डोक्यात दोन गाड्या आहेत. दोन्ही एकाच जर्मन कंपनीच्या, दोन्ही वापरलेल्या. ही पेट्रोल, दोन वर्षांची, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची. ती परदेशात चाललीय. दोन दिवस चालवून बघ, मग बोल म्हणाली. दुसरी डिझेल, पाच वर्षांची. ती बरीच स्वस्त मिळतेय.

महिपती : मग त्यात इचार कसला? डिझेल घे. वडायला दमदार, ॲव्हरेजला चांगलं. आमी काय झक मारली व्हय इतकी वरसं डिझेलवर?

हुसेनसाब : थांब रे. बेटी, रोजचं रनिंग किती तुझं?

ऋतुजा : घर ते ऑफिस नऊ किलोमीटर. जायला पाऊण तास लागतो.

हुसेनसाब : हौ, मग डिझेल नक्को. हल्लीच्या डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी असते, धूर गाळायची. ती चांगली तापली की आतली काजळी जळून जाते. पण तापायला मोकळा रस्ता पाहिजे, अर्धा तास तरी. तू सिग्नलला उभी राहून राहून ती जाळी चोंदवून टाकशील. मग दिवा लागेल, गाडी जोर सोडेल, आणि नवी जाळी घ्यायची म्हटली तर माझ्या या शेडचं वर्षाचं भाडं निघेल. स्वस्तात मिळतेय ती उगाच नाही. आधीचा मालकही असाच नऊ किलोमीटरवाला असणार.

महिपती : बरं, मग पेट्रोलबी नको. ह्या बाहेरच्या गाड्यांचा साधा आरसा फुटला तरी आठ दिस वाट बघायची. व्हय का न्हाय रं?

हुसेनसाब : ते खरंय. सर्व्हिसला दीडपट धर. तेल ते सांगतील तेच, टायरही त्याच मापाचे. इंजिन एक नंबर, पण लाड करून घेणारं. पोसायची तयारी पाहिजे.

ऋतुजा : तयारी आहे. सगळं धरूनच हिशेब केलाय मी.

महिपती : अगं पन नऊ किलोमीटर जायला जर्मनी कशाला लागतीया तुला? हितली साधी गाडी घे. न्हायतर घेऊच नको. जुनी इकलीस त्याला सा म्हैनं झालं, अडलं का कुटं?

ऋतुजा : अडलं.

महिपती : काय अडलं?

ऋतुजा : नऊ किलोमीटरसाठी नाही घेत मी, अण्णा. महिन्यातून दोनदा सोलापूर-मंगळवेढा धरलंय. आणि तुम्ही पुण्याला यायचं, आरोहीला सुट्टीला घेऊन जायचं, तेही धरलंय. सहा महिन्यांत एकदा तरी आलात का?

महिपती : यष्टीनं येतोच की. अर्दं तिकीट हाय मला.

ऋतुजा : येतोच की म्हणता. कधी आलात? आरोहीच्या वाढदिवसाला केक तसाच ठेवून बसली होती पोरगी. आजोबा निघालेत, आजोबा निघालेत. तुम्ही फोन केलात, पाय दुखतोय. आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की पाय-बिय काही नाही, ज्वारीच्या राशीवर दिवसभर उभे होते.

हुसेनसाब : काय रे महिपती?

महिपती : कामं असत्यात मानसाला.

ऋतुजा : चाचा, ही गाडी मी का बघतेय, सांगू? हिला पुढं कॅमेरा आहे. समोर काही आलं आणि ड्रायव्हरचं लक्ष नसलं, तर गाडी आपणहून ब्रेक लावते. पट्टा सोडून जायला लागली की स्टेअरिंग थरथरतं. बराच वेळ चालवली की विश्रांती घ्या म्हणून खूण दाखवते.

महिपती : ड्रायव्हरचं लक्ष नसायला काय धाड भरली?

ऋतुजा : कुणाचंही नसू शकतं.

महिपती : कुनाचं? नाव घे की.

ऋतुजा : तुमचं, अण्णा. आता बोलायलाच लावताय तर बोलते. वय झालं की डुलकी लागते माणसाला, त्यात लाज कसली? त्या दिवशी तुम्ही सकाळी पाचला उठला होतात, मळणीचे दिवस. मी इथं लग्नात, आणि तुम्ही आरोहीला घेऊन मंगळवेढ्याहून येत होतात. पुलावरून उतरताना क्षणभर डोळा लागला आणि समोर उसाची ट्रॉली. होतं असं. पण तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ब्रेक लागला नाही, ब्रेक लागला नाही. मला राग त्याचा आला.

महिपती : बत्तीस वरसात माझा डोळा लागल्याला न्हाय. एकदाबी न्हाय.

ऋतुजा : मग काय झालं होतं?

महिपती : म्हटलं न्हवं, ब्रेक लागला न्हाय.

ऋतुजा : चाचा, ती गाडी तुमच्याकडंच आली होती ना? ब्रेकमध्ये काय निघालं?

हुसेनसाब : घे चहा घे, निवतोय.

ऋतुजा : चाचा.

हुसेनसाब : चारी चाकं खोलली होती मी. ब्रेक ठीक होता.

ऋतुजा : बघा. म्हणून तर मी दवाखान्यात बोलले. आरोहीच्या कपाळाला चार टाके घालत होते आणि तुम्ही दारात उभे. मी म्हणाले, म्हातारे झालात तुम्ही, आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही. मी बोलले ते वाईटच बोलले. सहा महिने मला झोप नाही त्यापायी. पण तुम्ही एका शब्दानं उलटून बोलला नाहीत. म्हणजे मला वाटलं, खरंच डुलकी असणार.

महिपती : हुसेनसाब, ही गाडी लिटरला सोळा देती ते कशानं? इंजन तर एवडं मोटं हाय.

ऋतुजा : विषय बदलू नका.

हुसेनसाब : सांगू दे बेटी मला. हिला एक जादा बॅटरी आहे, महिपती. सिग्नलला थांबली की इंजिन बंद, ब्रेकवरचा पाय उचलला की चालू. आणि खरी गंमत हायवेला. उतार लागला, तू ॲक्सिलेटरवरनं पाय काढलास, की ही पळता पळताच इंजिन बंद करते. थेंबभर पेट्रोल जळत नाही. सपाटी आली की आपोआप चालू.

महिपती : कोन बंद करतं? गाडी?

हुसेनसाब : हौ. गाडीच.

महिपती : पळताना?

हुसेनसाब : पळताना.

महिपती : मग स्टेरिंग जड व्हत न्हाय? ब्रेकचं पॅडल दगडावानी व्हत न्हाय दोनदा दाबलं की?

हुसेनसाब : नाही. स्टेअरिंग आणि ब्रेक बॅटरीवर चालू राहतात.

ऋतुजा : अण्णा, पेडल दगडासारखं होतं हे तुम्हाला कसं माहीत?

हुसेनसाब : बोल आता. मी सहा महिने तोंड शिवून बसलोय तुझ्यापायी.

महिपती : काय बोलू?

हुसेनसाब : तूच बोललास तर बरं. नाहीतर मी बोलीन, आणि ते बरं दिसणार नाही.

महिपती : चावी फिरवली व्हती मी.

ऋतुजा : कसली चावी?

महिपती : गाडीची. पूल चडून वर आलो, म्होरं लांबलचक उतार. यष्टीला आमी तसंच करायचो. न्यूट्रल करायची, इंजन बंद, आनि गाडी आपल्या वजनानं खाली. नियमात न्हवतं, सायबाला कळलं आसतं तर घरी बसवला आसता. पन फळ्यावर नाव वर लागायचं ते असंच. यष्टीला हवेचा ब्रेक, टाकीत हवा भरल्याली आसती. स्टेरिंग तर आमच्या वक्ताला आदीच जड. कदी काय झालं न्हाय. पन कारच्या ब्रेकला जोर इंजनचा, हे ध्यानातच आलं न्हाय. तुज्या त्या गाडीत पयल्यांदा ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा दाबला, लागला. ट्रॉली दिसली तवा तिसऱ्यांदा दाबला, तर पॅडल हालंना. दोनी पायानं उबा ऱ्हायलो त्याच्यावर.

ऋतुजा : फुकटची गाडी.

महिपती : काय?

ऋतुजा : आरोही सारखी म्हणत असते. आजोबांची फुकटची गाडी. ही नवी आणली तेव्हाही विचारलं, ही फुकट पळते का गं? मला काही अर्थ लागेना.

महिपती : म्या सांगितलं व्हतं तिला. आता बग, म्हटलं, गाडी फुकट पळती का न्हाय. टाळ्या पिटल्या पोरीनं. टाळ्या पिटताना शिटाला धरल्याला हात सुटला तिचा.

ऋतुजा : चार रुपयांच्या पेट्रोलसाठी? अण्णा, माझी पोरगी होती मागं! चार रुपयांचं तरी वाचलं का?

महिपती : न्हाय. तेवडंबी न्हाय.

ऋतुजा : आणि चाचा, तुम्ही? तुम्हालाही माहीत होतं, आणि गप्प बसलात?

हुसेनसाब : ब्रेक ठीक निघाला तेव्हाच कळलं. डेपोत याच्याबरोबर आयुष्य काढलं बेटी, याचा हात मला पाठ आहे. चुकलं माझं. मी म्हटलं, बापलेकीच्या मधे मी कोण? आज नाहीतर उद्या हा बोलेल.

ऋतुजा : सहा महिने मी तुम्हाला म्हातारा म्हणून बसले. आईला सांगितलं त्यांचे डोळे तपासून घे. डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती मी. एकदा तरी सांगायचंत ना हो.

महिपती : तू म्हातारा म्हनलीस, ते बरं वाटलं मला.

ऋतुजा : बरं वाटलं?

महिपती : म्हातारपन काय कुनाच्या हातात न्हाय. त्याला कोन नावं ठेवत न्हाय. पन ही चूक म्या ह्या हातानं केली. ज्याच्यापायी फळ्यावर नाव लागायचं, त्यापायीच पोरीचं कपाळ फुटलं. हे कुटल्या तोंडानं सांगू तुला? म्हटलं, म्हातारा तर म्हातारा. आता स्टेरिंग धरायचं न्हाय, म्हंजे मिटलं. आनि तिच्या म्होरं जायचं न्हाय. ती कपाळावरचं दाखवंल, तर म्या काय बगायचं?

हुसेनसाब : आता हिच्याकडं बघ आधी. रडतेय ती.

ऋतुजा : रडत नाही. राग आलाय मला. खूप राग आलाय. अण्णा, दिसतो हो तो व्रण. केसाखाली एवढासा. ती शाळेत सगळ्यांना दाखवते आणि सांगते, माझे आजोबा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले होते.

महिपती : असं सांगती?

ऋतुजा : असंच सांगते. मला वाटायचं, ती मनानं जोडून सांगते.

हुसेनसाब : घे. दोघांनी चहा थंड केला. दुसरा सांगतो.

ऋतुजा : नको चाचा, निघायचंय. आरोहीला सकाळी कुंभारीला दाक्षायणी मावशीकडं सोडून आलेय, वाट बघत असेल. गाडीचं सांगा. घेऊ का?

हुसेनसाब : घे. खर्चाला रडू नको, वेळेवर तेल बदल, आणि वरचेवर हायवे दाखव हिला. आणि ऐक, हिला फिरवायची चावीच नाही. बटण आहे. चालत्या गाडीत चुकून हात लागला तरी बंद व्हायची नाही. मी काल रात्री हिचं माहितीपुस्तक वाचून ठेवलंय. हा येणार म्हणून मुद्दाम वाचलं.

ऋतुजा : अण्णा, कुंभारीपर्यंत तुम्ही चालवा. मी शेजारी बसते.

महिपती : नको, ऋतू. तूच चालीव.

ऋतुजा : इतकं सगळं ऐकल्यावर मी म्हणतेय, तर काहीतरी विचार करूनच म्हणतेय ना. एकच सांगा. परत करणार का तसलं काही?

महिपती : तुझी शपत. पुन्यांदा न्हाय. पन जाताना ठीक हाय. येताना पोर मागं आसनार. तिची मर्जी काय, ते तुज्या-माज्या हातात न्हाय. तिला इचारल्याबिगर न्हाय.

ऋतुजा : सकाळी सोडतानाच विचारलंय.

महिपती : काय म्हनली?

ऋतुजा : म्हणाली, आजोबांनाच चालवू दे. त्यांना सांग, उतार आला की मी आधीच दोन्ही हातांनी धरून बसते.

(महिपती उठून गाडीभोवती एक चक्कर मारतात, यष्टीची पाळी सुरू करायच्या आधी मारायचे तशी. चारी टायरांना पायानं ठोकून बघतात.)

हुसेनसाब : हवा बरोबर आहे रे. सकाळीच भरलीय मी.

महिपती : आसू दे. बगितल्याली बरी. हुसेनसाब, ही शीट म्होरं कशी सरकवायची?