ढगाखालची धार

(नकाशा कार्यालय. टेबलावर शिखराचा मोठा नकाशा पसरलेला. नकाशे काढणारे काका खिडकीशी उभे.)

बहीण : माझ्या भावाला डोंगरानं नाही मारलं, साहेब. तुमच्या कार्यालयानं मारलं. आणि पाणी वगैरे मागवू नका, मी शांत आहे.

साहेब : ताई, झालं ते वाईटच झालं. पण तिथलं हवामान किती लहरी...

बहीण : आभाळ लख्ख होतं. त्याच्याबरोबर मी होते. तुमच्या नकाशात उत्तरेची डोंगरधार सरळ शिखराला भिडते. आम्ही पोचलो तर पुढं धारच नाही. सुरीनं कापल्यासारखी तुटलेली. खाली हिमनदी, शिखर पलीकडे. माघारी फिरलो, वाटेत अंधार झाला. रात्र उघड्या बर्फावर काढली. सकाळी मी उठले, तो उठला नाही.

साहेब : नकाशा विमानातून काढलेल्या फोटोंवरून होतो. तिथं आमचं कुणी जात नाही.

बहीण : ते दिसलंच. काका, तुम्ही बोला.

काका : फोटोत तेवढ्या जागेवर ढग होता. अशा ठिकाणी आम्ही तुटक रेघ मारतो. म्हणजे, अंदाज आहे, भरवसा ठेवू नका. मी तुटकच मारली होती. वरून निरोप आला, एवढ्या देखण्या शिखराला हे ठिगळ शोभत नाही, सलग करा.

साहेब : वरून म्हणजे कुणाकडून?

काका : तुमच्याकडून. तेव्हा तुम्ही वरच्या मजल्यावर बसायचात.

बहीण : आणि तुम्ही केलीत सलग.

काका : केली.

साहेब : हे बघा ताई, मी शब्द टाकलाय. नव्या आवृत्तीत त्या धारेला तुमच्या भावाचं नाव देऊ. ठळक अक्षरात. तुमच्या आईंनाही ते आवडलं.

बहीण : आवडलं तिला. रडलीसुद्धा. मी तिला म्हटलं, आई, जी जागाच नाही तिथं त्याला कशाला ठेवतेस?

साहेब : धार नाही, हे तुमचं म्हणणं. नवे फोटो येईपर्यंत मी कशाच्या आधारावर बदलू? उद्या लोक प्रत्येक नकाशावर शंका घेतील.

काका : निदान तुटक करू. दुपारपर्यंतचं काम आहे.

बहीण : तुटक नको. कोरी ठेवा. कोरी जागा दिसली की माणूस जपून पाऊल टाकतो.

साहेब : छपाई सुरू झालीय. आता माझ्या हातात नाही.

बहीण : सलग करताना होतं. बरं, छपाई राहू दे. पायथ्याच्या तळावर एक नवरा-बायको आलेत, हाच नकाशा घेऊन. उजाडताच त्या धारेनं निघणार. मी परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, ताई, तुमचं दुःख कळतं, पण सरकारी नकाशात धार आहे. त्यांचा तुमच्या शाईवर विश्वास आहे, माझ्या डोळ्यांवर नाही. हा घ्या फोन. तळावर लावलाय, ती बाई बोलतेय. ती विचारतेय, साहेब. धार आहे का?