नववा मुद्दा: बोकड

...नाही पण मी म्हणते, सही माझी कशाला? मी काय इंजिनियर आहे? सरपंच आहे? मी आसनगावात दोन खोल्यांत बसून एका हाताने पोरीला वरणभात भरवत दुसऱ्या हाताने प्रोग्रॅम लिहिणारी बाई! तुम्हाला सांगते, घरातून निघताना गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते मी. तिसऱ्यांदा तर चपला घालूनच आत जाते, सासूबाई ओरडतात, तरी जाते. अशा बाईकडे कुणी स्लॅबसाठी सही मागतं का?

आणि मागितली कुणी? तर... मीच.

सांगते. आमची कंपनी बांधकाम तपासणीच्या याद्या मोबाइलवर आणते. सळई बरोबर? होय. शटरिंग, म्हणजे खालचा पत्र्याचा साचा, घट्ट? होय. खाली डिजिटल सह्या. त्या सह्या मागायला जो जातो तो एपीआय, आणि तो मी जोडलाय. घाबरू नका हो, एपीआय म्हणजे दोन कॉम्प्युटरांमधला निरोप्या. 'अमक्याची सही आण' म्हटलं की पळत सुटतो, अमका कोण हे विचारत नाही. तो नीट पळतो का हे बघायला मी 'गावाचा प्रतिनिधी' या चौकटीत माझाच नंबर टाकला होता. लगेच काढणारही होते, पण तेवढ्यात आमच्या निशीने, साडेतीन वर्षांची आहे, नाकात वाटाणा घातला. वाटाणा निघाला. नंबर राहिला.

आणि परवा सकाळी फोन! डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरून, साइट इंजिनियर नितीन. "मॅडम, अंगणवाडीचा स्लॅब भरायचाय, मिक्सर आलाय, माणसं बसलीत. माझी सही झाली, तुमची राहिलीय."

"माझी?"

"गावाच्या प्रतिनिधी ना तुमी?"

प्रणयसरांना फोन लावला, आमचे साहेब, कल्याणला बसतात. "मीना, दाब ना बटण! फॉर्मॅलिटी आहे यार!" फॉर्मॅलिटी? त्या स्लॅबखाली पंचवीस पोरं खिचडी खात बसणार, माझ्या निशीएवढी, आणि वर काँक्रीट कुणाच्या भरवशावर? माझ्या! अहो, गॅस तीनदा बघते मी!

मग उघडली यादी. बावीस मुद्दे, बावीस 'होय', प्रत्येकाखाली फोटो. नववा मुद्दा: 'सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवले.' म्हणजे सळई खालच्या पत्र्यापासून उचललेली राहते, नाहीतर ती स्लॅबच्या पोटातून बाहेर डोकावते, गंजते, आणि एक दिवस खपली पडते. कुणाच्या डोक्यावर? तेच ना! फोटो मोठा केला, तर... बोकड. अख्खा बोकड, कॅमेऱ्यात बघतोय. नितीनला विचारलं तर म्हणतो, "त्याच्या मागं बघा, मॅडम!" बोकडाच्या मागे कसं बघायचं हो?

शेवटी निशीला पुढे उभी केली, लॅपटॉप डिकीत टाकला आणि काढली स्कूटी. वाटेभर मनात एकच, मी वेडी आहे का? बहुतेक आहे.

पोचले, तर शिडीशी एक बाई कमरेवर हात देऊन उभी. जानीताई. खरी गावाची प्रतिनिधी! तिची पोरगी रोशनी याच अंगणवाडीत बसणार. मी काय घोळ केला ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे सही तुजी? मी पंधरा दिस हितं उभी रायते, मला कोनी इचारलाय नाय गो बाय!" नितीन म्हणाला, "यादीत त्यांचा नंबर नव्हता ना." मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

जानीताई शिडी चढली, मागून मी. "कडंला ठोकळं हायेत. मधी नाय. हितं बोट घाल." घातलं. गेलंच नाही! सळई पत्र्याला चिकटलेली. "आन् ठोकळ्यांची गोनी बघ, तिकडं पडलीय." गोणीवर कोण बसलेलं? बोकड.

"मॅडम, तुमी सिव्हिलच्या का?" नितीन.

"नाही. एपीआयच्या."

बिचारा घाबरला. त्याला ते मोठं खातं वाटलं असावं. दोन तास माणसांनी सळई उचलून ठोकळे सारले, सगळीकडे बोट जायला लागलं. आता सही! पण खरीची. जुनी विनंती रद्द, जानीताईचा नंबर टाकून नवी. आणि रेंज? रेंज वरच्या कातळावर. चढलो सगळे, मी, निशी, जानीताई, आणि पुन्हा सही करायची म्हणून कुरकुरत नितीन. त्याने दाबलं बटण. जानीताईला ओटीपी आला. मी म्हटलं, "टाका!"

तर ती म्हणते, "थांब. मागल्या बाजूचं ठोकळं एकदा बघून येते."

"आत्ताच बघितले ना?"

"पुन्ना बघते." उतरली! ओटीपीची मुदत पाच मिनिटं. कुणी ठेवली? मीच, सुरक्षिततेसाठी! संपली. दुसरा पाठवला. ती आली, मोबाइल डोळ्यांपाशी धरला, विचारात पडली... "जिन्याकडचं रायलं गो." पुन्हा उतरली! नितीन कातळावर आडवा झाला. निशीला सू आली. तिसरा पाठवला. ती आली, आकडे टाकायला बोट उचललं, खाली बघितलं, बोट तसंच ठेवलं... आणि तिसऱ्यांदा उतरायला लागली.

मी वरून ओरडले, "जानीताई, पाचच मिनिटं चालतो हो तो!"

खालून आवाज आला, "आन् स्लॅब किती वर्सं चालवायचाय?"

चौथ्या ओटीपीला झाली सही. दुसऱ्या दिवशी मी मुदत पाच मिनिटांवरून चोवीस तासांवर नेली. प्रणयसर म्हणाले, "एवढा वेळ कशाला?"

म्हटलं, सर, काही बायकांना तीनदा बघावं लागतं.