टाकी गळत नव्हती

माशांचा विषय काढलाच आहे, तर आधी हातातला चहा खाली ठेवा. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ना, त्या उन्हाळ्यात माझ्या घरी काचेच्या टाकीत वीस निऑन टेट्रा होते. बोटाच्या पेराएवढे निळे-लाल मासे, सगळे एका घोळक्यानं फिरायचे. जळकोटची आत्या राहायला आली आणि टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उतरायला लागलं. मी काचेचे सांधे तपासून दमलो, पण थेंबभरही गळती सापडेना.

चौथ्या दिवशी सकाळी बघतो, तर आत्या चहाचं पातेलं टाकीत बुडवायली!

"आत्या! काय करायलीस?"

"चहा ठेवते की. तुमच्या टँकरच्या पाण्याला लई वास येतोय बाबा. आपल्या विहिरीत मासे सोडतो का न्हाई? मासे जगतेत म्हणजे पाणी चांगलं हाय. मला वाटलं, हे पिण्याचंच भरून ठेवलंय."

मी पातेलं काढून घेत विचारलं, "आजच घेतलंस ना?"

"आजच कशाला? आले त्या दिवसापासून घेते. तूच तर रोज दुसरा कप मागायलास!"